मुळशीच्या परसातील सफरचंद आणि पावसाळ्यापूर्वीची फळसाठवण

मुळशी तालुक्यात फळांची उणीव नाही. उणीव आहे ती फळे टिकवून ठेवण्याची. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत करवंदे, रायवळ आंबे, फणस आणि जांभळे एकापाठोपाठ एक तयार होतात. एवढ्यात वळवाच्या सरी येतात, झाडाखाली फळांचा सडा पडतो, आणि चार दिवसांत त्याचा चिखल होतो. ज्या घराच्या अंगणात मे महिन्यात आंबे पायदळी जातात, त्याच घरी श्रावणात मुलांच्या ताटात फळाची फोड नसते. हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. म्हणून ते फारसे कोणाला जाणवतही नाही.

गेल्या काही वर्षांत या फळांच्या जोडीला सफरचंदाचे नाव ऐकू येऊ लागले आहे. उष्ण प्रदेशात येणारी सफरचंदाची कलमे आता महाराष्ट्रातही मिळतात व काही शेतकऱ्यांनी ती लावलीही आहेत. मुळशीत सफरचंद लावावे काय, लावल्यास किती व कोठे लावावे, आणि त्याचे व इतर फळांचे पीक पावसाळ्यापूर्वी कसे साठवावे, याचा विचार या पाठात केला आहे.

सफरचंदाला थंडी कशासाठी लागते?

सफरचंद हे थंड प्रदेशातील पानगळीचे झाड आहे. हिवाळ्यात ते पाने गाळून विश्रांती घेते. या विश्रांतीच्या काळात सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खालील थंडी ठराविक तास मिळाली, तरच त्याचे डोळे एकसारखे फुटतात व फुले येतात. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील नेहमीच्या जातींना अशी थंडी सुमारे हजार तास लागते. मुळशीत थंडीच्या ऐन दिवसांतही पहाटेचे काही तासच पारा खाली उतरतो. यास्तव बाजारातील सफरचंद खाऊन त्याची बी कुंडीत रुजविली, तर रोप वाढेल, पण त्यावर फळाची आशा धरू नये. शिवाय बियांपासून मूळ जातीचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

तथापि थोड्या थंडीवर फळणाऱ्या जातीही आहेत. इस्राएलमध्ये तयार झालेली ‘ॲना’ आणि बहामा बेटांवर आढळलेली ‘डॉर्सेट गोल्डन’ या दोन जाती जगभर प्रसिद्ध आहेत. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी ‘एचआरएमएन-९९’ ही जात पुढे आणली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने तिच्या प्रसारास साहाय्य केले, आणि २०२५ साली श्री. शर्मा यांस पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्याच्या निरीक्षणातून केवढे कार्य होऊ शकते याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु बिलासपूर म्हणजे मुळशी नव्हे. तेथील हिवाळा अधिक कडक असतो, आणि ताम्हिणी घाटाच्या मानाने पाऊस कितीतरी कमी. घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराकडे येईपर्यंत तो सुमारे ७०० मिलिमीटरांवर येतो. मुळशीत सफरचंदाचा खरा शत्रू उन्हापेक्षा पाऊसच आहे. पाणी तुंबल्याने मुळे व बुंधा कुजतो, आणि दमट हवेने पानांवर व फांद्यांवर बुरशीचे रोग पडतात.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. पौड, पिरंगुट व त्याच्या पूर्वेकडील गावांत परसात सफरचंदाची दोन झाडे हौसेने लावावीत. ताम्हिणीकडील अतिवृष्टीच्या पट्ट्यात त्याच्या नादी न लागणे बरे. आणि कोठेही असो, कर्ज काढून एकराएकरांची लागवड करू नये, तसेच त्यासाठी चालू आंब्याफणसाचे झाड तोडू नये. कलमे विकणारा सांगतो तो त्याचा लाभ; झाड वाढवून पाहिल्यावर कळतो तो आपला.

जागा आणि लागवड

या तालुक्यात सपाट जमीन मुळातच थोडी. मुळा नदीच्या खोऱ्यातील उत्तम भातखाचरे १९२० नंतरच्या दशकात टाटांच्या धरणाखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला व सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला मुळशी सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. उतारावरच्या उरलेल्या जमिनीत घराभोवतीची प्रत्येक हात जागा मोलाची असते. म्हणून झाड लावण्यापूर्वी जागा विचारपूर्वक निवडावी.

सफरचंदासाठी पाण्याचा उत्तम निचरा होणारी, सकाळचे ऊन मिळणारी आणि दुपारी घराची किंवा मोठ्या झाडाची थोडी सावली येणारी जागा पसंत करावी. पागोळ्यांचे पाणी जेथे पडते तेथे झाड कदापि लावू नये. ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा. वर सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा करून त्यावर कलम लावावे. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटे तरी राहिला पाहिजे. सांधा गाडला गेल्यास तेथे कूज लागते. दोन झाडांत ३ मीटर अंतर ठेवावे. एकाच वेळी फुलणाऱ्या दोन निरनिराळ्या जाती जवळ लावल्यास परागीकरण होऊन फळ चांगले धरते. ‘ॲना’ आणि ‘डॉर्सेट गोल्डन’ यांची जोडी याच कारणासाठी लावतात.

कलम घेताना ते कोणत्या खुंटावर बांधले आहे हे विचारावे. ‘एम.एम. १०६’ हा खुंट ओलसर जमिनीत बुंधाकुजीस लवकर बळी पडतो, त्यामानाने ‘एम.एम. १११’ अधिक काटक आहे. खुंटाचे नाव सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून कलम न घेणे श्रेयस्कर. पिशवीतील कलमे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये लावावीत, आणि उघड्या मुळ्यांची कलमे थंडीत येताच लावावीत.

पावसाळ्यापूर्वी व पाऊस संपताच बुंध्यास हातभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून एकूण १० लिटर पाण्यात मलम तयार करावे. दोन झाडांना याचा दहावा भागही पुरतो. मोरचूद लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात भिजवू नये. प्लास्टिकची बादली किंवा मातीचे भांडे घ्यावे.

पाने खुडून बहार धरणे

संत्री, मोसंबी व डाळिंब यांचा बहार धरताना पाणी तोडून झाडास ताण देण्याची रीत महाराष्ट्रातील बागाइतदारांस नवी नाही. सफरचंदाच्या बाबतीतही तेच तत्त्व उपयोगी पडते. थंडी अपुरी असल्याने झाड आपोआप पाने गाळीत नाही. ती हाताने खुडावी लागतात. इंडोनेशियात जावा बेटावरील बाटू या डोंगरी भागात शेतकरी याच युक्तीने, विषुववृत्ताजवळ असूनही, वर्षातून दोन वेळा सफरचंदाचे पीक घेतात.

मुळशीत मात्र दोन पिकांचा मोह धरू नये. एकच पीक पण पावसापूर्वी हाती यावे, अशी योजना असावी. त्यासाठी हिशेब उलटा मांडावा. फळ मेअखेर उतरावयाचे; फुलापासून फळ तयार होण्यास सुमारे चार महिने लागतात; म्हणजे फूल जानेवारीत यावे; आणि त्यासाठी पाने डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात खुडली पाहिजेत. हे काम जानेवारीवर ढकलले की फळ जूनच्या पावसात सापडलेच म्हणून समजावे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करावे. डिसेंबरमध्ये वाळक्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या छाटून सर्व पाने खुडावीत. पाने ओरबाडू नयेत. देठाच्या बुडाशी असलेला डोळा दुखावतो. त्यानंतर आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू करावे. पहिली दोन वर्षे आलेली फुले काढून टाकावीत, म्हणजे झाडाचा सांगाडा मजबूत होईल. पुढे एका घोसात एकच फळ राखावे. वाघळे, माकडे व पाखरे यांपासून रक्षणासाठी फळांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधाव्यात.

फळ नासते ते का?

फळाच्या सालीवर, हवेत व आपल्या हातांवर बुरशी, किण्व आणि जिवाणू हे डोळ्यांस न दिसणारे जीव असतात. ओलावा, ऊब व गोडी मिळाली की ते झपाट्याने वाढतात. फ्रान्समधील निकोला अपेर याने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवल्यास अन्न टिकते, हे दाखवून १८१० साली आपली कृती प्रसिद्ध केली. तिचे शास्त्रीय कारण पुढे लुई पाश्चरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. आपल्या आजीचे लोणचे व मुरांबाही याच शास्त्रावर टिकत होते. टिकविण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत: वाळविणे, मीठ, साखर, आणि आंबटपणासह उष्णता.

यांपैकी कोणता मार्ग घ्यावा हे मुळशीत पंचांगावर ठरते. कडक ऊन आहे तोवर वाळवण. मेच्या उत्तरार्धात, ढग जमू लागले की लोणची व मुरांबे. आणि जून लागताच चुलीवरचे व बाटलीतले पदार्थ. हा क्रम मोडला की श्रम व साखर दोन्ही वाया जातात. वळवाच्या तोंडावर अंगणात पसरलेल्या आंबोशीचा दोष आंब्याकडे नसतो, उशीर करणाऱ्याकडे असतो.

कोणते फळ कसे साठवावे

*आंबोशी.* एप्रिलमध्ये पडलेल्या कैऱ्या सोलून त्यांच्या पातळ फोडी कराव्यात. किलोस ३० ते ४० ग्रॅम मीठ चोळून रात्रभर ठेवाव्यात व जमिनीपासून कंबरभर उंच खाटेवर स्वच्छ कापडावर वाळवाव्यात. माश्या बसू नयेत म्हणून वर मच्छरदाणीचे कापड ताणावे. फोड वाकविली असता कटकन मोडली, म्हणजे ती पुरी वाळली.

*फणसपोळी.* यासाठी बरका फणस योग्य. गरे कुस्करून चाळणीतून गाळावेत. एक किलो रसास १०० ते १५० ग्रॅम साखर व एका मोठ्या लिंबाचा रस घालून तो आटवावा, आणि तुपाचा हात फिरविलेल्या ताटात पातळ पसरावा. एक थर वाळल्यावर दुसरा द्यावा. कापा फणसाचे गरे तसेच चिरून वाळविता येतात. फणसाचा रस आंबट नसल्याने तो नुसताच बाटलीत भरून ठेवणे धोक्याचे आहे. तसे करू नये.

*कैरीचे लोणचे.* एक किलो फोडींस १५० ते २०० ग्रॅम मीठ घालावे. यापेक्षा कमी मिठाचे लोणचे पावसाळ्यात दगा देते. फोडींवर तेलाचा थर सदैव राहिला पाहिजे. बरणीत ओला चमचा घालू नये, आणि दादरा घट्ट बांधावा.

*सफरचंद-करवंद जेली.* परसातील सफरचंदाचा खरा उपयोग येथे होतो. मुळशीत उतरलेली फळे सारखी रंगदार येतीलच असे नाही. वाऱ्याने काही अर्धकच्ची गळतात. बाजारात अशा फळास किंमत नाही, परंतु जेलीस घट्टपणा आणणारे पेक्टिन हे द्रव्य अर्धकच्च्या सफरचंदात भरपूर असते. करवंदातही आंबटपणा व पेक्टिन दोन्ही चांगले असतात. एक किलो अर्धपक्व करवंदे मिठाच्या पाण्यात धुऊन चीक काढावा. अर्धा किलो सफरचंदे सालीसह चिरून त्यांत मिसळावीत. दीड लिटर पाणी घालून मंद विस्तवावर अर्धा तास शिजवावे व कापडातून गाळावे. कापड पिळू नये. रस गढूळ होतो. गाळलेल्या एक लिटर रसास ७५० ग्रॅम साखर घालून तो भरभर उकळावा.

जेली झाली हे ओळखण्यासाठी पळी बुडवून आडवी धरावी. थेंब थेंब न गळता रस एकत्र येऊन पदरासारखा तुटून पडला, म्हणजे ती तयार झाली. तापमापक असल्यास एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकांतून १०५ अंश सेल्सिअस हा आकडा दिलेला असतो. तो समुद्रसपाटीवरील आहे. मुळशी धरणाच्या आसपासची गावे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. यास्तव प्रथम पाण्याचा उकळबिंदू मोजावा, आणि जेली किंवा जॅम त्यापेक्षा पाच अंश अधिक तापताच उतरवावा. १०५ ची वाट पाहिल्यास पाक चिवट होतो.

*सफरचंदाचा जॅम.* फळे मोठी व पक्व असल्यास शिजवून गर काढावा. एक किलो गरास ७५० ग्रॅम साखर व, फळ फार गोड असल्यास, एका लिंबाचा रस घालून वरीलप्रमाणे आटवावा. तयार जॅममध्ये गोडीचे प्रमाण शेकडा ६५ ते ६८ असले तर त्यात बुरशी सहसा वाढत नाही. साखर वाचविण्यासाठी प्रमाण घटविणे ही खोटी काटकसर होय.

*जांभळाचे सरबत.* जांभूळ पावसाच्या तोंडावरच पिकते, म्हणून ते वाळविण्याच्या भरीस पडू नये. फळे कुस्करून थोडी गरम करावीत व रस गाळावा. एक लिटर रस, एक लिटर पाणी, पावणेदोन किलो साखर व ३० ग्रॅम सायट्रिक आम्ल यांचे सुमारे तीन लिटर सरबत होते. पाणी, साखर व आम्ल यांचा पाक उकळून, गाळून, थंड करून त्यात रस मिसळावा. टिकण्यासाठी दर लिटरला ०.७ ग्रॅम, म्हणजे तीन लिटरला सुमारे दोन ग्रॅम, सोडियम बेंझोएट थोड्या पाण्यात विरघळवून घालावे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट येथे वापरू नये. त्याने जांभळाचा सुंदर रंग उडतो. ही द्रव्ये खाद्यप्रतीचीच घ्यावीत व अंदाजाने न टाकता तोलून घालावीत.

बरणीची स्वच्छता आणि पावसाळ्यातील साठवण

काचेच्या बरण्या व झाकणे धुऊन, कढईत तळाशी फडके घालून, पाण्यात पंधरा मिनिटे उकळावीत. जॅम व जेली गरम बरणीत गरम असतानाच भराव्यात. थंड बरणी तडकते. झाकणावर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी.

जुलै-ऑगस्टमध्ये मुळशीची हवा इतकी दमट असते की वाळलेली आंबोशीही पुन्हा ओल धरते. म्हणून वाळवण घट्ट झाकणाच्या डब्यात भरून चुलीवरील माळ्यावर ठेवावे. तेथे ऊब व कोरडेपणा राहतो, हा आपल्या जुन्या घरांचा अनुभव खरा आहे. गॅसची शेगडी असलेल्या घरी डबे भिंतीस न टेकविता फळीवर ठेवावेत, आणि उघडीप पडताच वाळवणास ऊन दाखवावे. झाकण फुगलेले, फेस आलेला किंवा वास पालटलेला पदार्थ चाखूनही पाहू नये. तो पुरून टाकावा. आंबट नसलेल्या भाज्या घरच्या साध्या उकळीने बाटलीबंद करण्याचे धाडस करू नये; त्यांत जीवघेणे विष तयार होऊ शकते.

विक्री आणि प्रशिक्षण

पहिल्या वर्षी घरापुरतेच पदार्थ करावेत. बरणी दिवाळीपर्यंत टिकली, म्हणजे हात बसला असे समजावे. पुढे बचत गटातील भगिनींनी एकत्र येऊन साखर व बरण्या घाऊक आणल्यास खर्च उतरतो, आणि तराजू व तापमापक एकच पुरतो. पुणे शहर जवळ आहे, आणि पावसाळ्यात ताम्हिणीच्या रस्त्याने येणारे प्रवासीही गिऱ्हाईक होऊ शकतात. परंतु विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी आवश्यक आहे. पुण्यातील गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्र, तसेच बारामती व नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे फळझाडे व फळप्रक्रिया यांविषयी विचारणा करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी कामाचे वेळापत्रक

ऑक्टोबर – सफरचंदाची पिशवीतील कलमे लावणे. बुंध्यास बोर्डो मलम.
डिसेंबर, पहिला पंधरवडा – छाटणी व पाने खुडणे. खत व पाणी सुरू करणे.
फेब्रुवारी – फळांची विरळणी. पिशव्या शिवून ठेवणे.
मार्च – बरण्या, तराजू, साखर यांची गटवार यादी.
एप्रिल – एका घरच्या ओट्यावर आंबोशीचे प्रात्यक्षिक.
मे, पहिला पंधरवडा – फणसपोळी. उरलेले वाळवण पूर्ण करणे.
मे, दुसरा पंधरवडा – लोणची, सफरचंद उतरविणे, सफरचंद-करवंद जेली, बुंध्यास दुसऱ्यांदा मलम.
जून – जांभळाचे सरबत. झाडाभोवतीचे चर साफ करणे.
ऑगस्ट – घरोघरी जाऊन बरण्या तपासणे.

यातील शेवटचे काम बहुधा राहून जाते, परंतु तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. कोणाच्या बरणीस बुरशी आली व कोणाची टिकली, मीठ किंवा साखर कोणी किती घातली, याची नोंद गावातल्या गावात ठेवल्यास पुढील वर्षी कोणास पुस्तक विचारावे लागणार नाही. सफरचंदाचे झाड फळो अथवा न फळो, आंबा, फणस, करवंद व जांभूळ ही मुळशीची हक्काची फळे आहेत. त्यांतील एक पाटी जरी दरवर्षी चिखलातून वाचवून बरणीत गेली, तरी त्या घरच्या पावसाळ्यातील जेवणास आंबटगोड चव व मुलांच्या आहारास थोडा तरी आधार मिळेल.